सात गावांची पंगत

ते साल फसली तेराशे सत्तावन्नचं, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठ्ठेचाळीस. होळी होऊन गेली होती, ऊन तापायला लागलं होतं, आणि निंबखेड्याच्या नाक्यावर दाऊदचाचा गोजरबाईच्या दुरडीवरचं फडकं उचलून बघत होते.

"क्या है इसमें?"

"दिसत न्हाई का? भाकरी हायत."

"वो तो दिखताय. इत्त्या?"

"मजुरांची न्याहारी हाय, चाचा. पल्याडच्या वावरात मजूर लावलेत."

चाचांनी पुन्हा एकदा फडक्याखाली पाहिलं. "गोजरबाई, इत्ते मजूर तो निजामसागर का बंधारा बांधते वक्त भी नहीं होंगे. तुमचं वावर केवढं?"

"वावर लहान हाय, पन धसकटं लई हायत."

"हौ?"

"हौ. भाकरीवर बंदी हाय का सरकारची?"

चाचा विचारात पडले. खरं म्हणजे ते करोडगिरीचे, निजामाच्या जकातीचे, जवान. जवान नुसते नोकरीच्या नावानं, दाढी पिकून मेंदीनं लाल झाली होती. "अनाज पर बंदी है," ते म्हणाले. "आटे पर है. गुळावर है. भाकर का हुकूम में जिक्र नहीं."

"मंग सरका. वाळून चालल्यात."

चाचा सरकले, आणि गोजरबाई दुरडीखालची कापडाची चुंबळ डोक्यावर नीट करून ओढ्यात उतरली.

त्या ओढ्याच्या अलीकडं निजामाची मोगलाई आणि पलीकडं इंग्रजी मुलूख. इंग्रज तर निघून गेले होते, पलीकडं स्वराज्य आलं होतं, पण निंबखेड्याची माणसं त्याला इंग्रजीच म्हणत. गोजरबाईचं घर मोगलाईत आणि चिंचेचं वावर इंग्रजीत. आजेसासऱ्यांनी ते वावर घेतलं तेव्हा मध्ये नुसता ओढा होता. आता तिथं आडवा बांबू, एक खोपट आणि दाऊदचाचा होते. मोगलाईतला दाणा बाहेर जाऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम.

गोजरबाई म्हणजे निंबखेड्यातली सगळ्यांत चिक्कू बाई. शेजारणीला विरजण द्यायचं तर करंगळीच्या टोकावर देणार. आगपेटीतली काडी पात्यानं उभी चिरून तिच्या दोन करणार. तिच्या हातची भाकरी इतकी पातळ, की नवरा रखमाजी ती उजेडात धरून म्हणायचा, "नंदीचे माय, हिच्यातून मला गाय दिसून राह्यली." शेजारच्या द्वारकाबाईशी तिनं दोन वर्षं अबोला धरला होता. कारण काय, तर द्वारकाबाईनं चुलीतला निखारा नेला आणि गोवरी परत केली नाही.

पण त्या काटकसरीला एक कारणही होतं. तिची नंदा लग्नाची झाली होती. मंठ्याजवळच्या धर्मराज पाटलांच्या मच्छिंद्राशी सोयरीक ठरली होती, सुपारी फुटली होती. धर्मराजांनी हुंडा मागितला नव्हता, मानपान मागितला नव्हता. एकच गोष्ट मागितली होती : "तुमचं गाव आन् आमचं गाव, दोन्ही गावं पोटभर जेवली पाह्यजेत. पंगतीत हात आखडता घेतला, तर मी पाटावरून पोरगं उठवीन." गोजरबाईची ख्याती त्यांच्याही कानावर असणार.

त्या दोन गावांसाठी गोजरबाईच्या अंगणात पेव भरलेलं होतं. आजच्या मुलींना पेव ठाऊक नसेल. पांढऱ्या मातीत विहिरीसारखा खड्डा, पोटात रुंद, तोंडाशी माणूस जेमतेम उतरेल एवढा. आत कडब्याचं अस्तर लावायचं, जवारी भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. दोन-दोन वर्षं दाणा टिकतो. मात्र एकदा फरशी हलवली, वारं आत गेलं, की पेव पुरतं उपसावंच लागतं, नाहीतर सगळ्या जवारीला कीड लागते. थोडं काढलं आणि परत झाकलं, असं पेवाचं नसतं. म्हणून ते उघडायचं ते लग्नाला, नाहीतर दुष्काळाला.

आणि मग ती माणसं आली.

निजामाच्या पाठीराख्या रझाकारांच्या धाकानं त्या वर्षी गावंच्या गावं उठत होती. जो तो जवळची सरहद्द गाठत होता. एका सकाळी रखमाजी वावरातून धापा टाकत आला. "आपल्या चिंचंखाली माणसं उतरलीत. बायापोरं हायत. पार कुंभार पिंपळगावाकून चालत आलेत."

"चिंचा झोडून राह्यलेत का?" गोजरबाईनं पहिल्यांदा हेच विचारलं, आणि काठी घेऊन निघाली.

चिंचा कुणी झोडल्या नव्हत्या. सावलीत माणसं नुसती बसली होती. तीन दगडांवर एक मडकं ठेवून एक उंच, काळीसावळी म्हातारी त्यात काही हलवत होती. लुगडं धुळीनं भरलेलं, पण डोक्यावरचा पदर राणीसारखा. हातात पितळेची मोठी पळी. तिचं नाव सगुणाबाई. घरी आमटी वाढत असताना "पळा" अशी हाळी आली, आणि ती जी निघाली ती पळीसकट. दागिना राहिला, पैसा राहिला, चार बैल दावणीला राहिले. पळी तेवढी हातात आली.

"काय शिजवून राह्यलात?" गोजरबाईनं दरडावून विचारलं.

"पाला. तुह्याच झाडाचा हाय. कोवळा-कोवळा घेतलाय, झाडाला धक्का न्हाई."

"मीठ हाय का त्यात?"

"न्हाई."

गोजरबाईनं काठी तिथंच झाडाला टेकवली आणि घरी आली. मीठ घेतलं. मग मिठाबरोबर टोपल्यातल्या भाकरीही उचलल्या. नंदा बघतच राहिली. "आये, तुला बरं न्हाई का?"

"गप बस. कांदं दे दोन-चार."

पण सगुणाबाईनं भाकरीला हात लावला नाही. मीठ घेतलं, भाकरी मागं सारली. "ने माघारी. आमच्या दारातून मानूस उपाशी गेलं न्हाई कधी. भिकंची भाकर मह्या पोरांना मी खाऊ घालायची न्हाई."

"पोरं तर बघा, तोंडं सुकल्यात."

"सुकू दे."

आजूबाजूची पोरं भाकरीकडं बघत होती, पण एकही हात पुढं आला नाही. गोजरबाईला संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा काही फुकट द्यायला निघावं, तर घेणारीच नको म्हणते! ती ओरडली, "भीक कोन देऊन राह्यलंय? मी काय येडी हाय? हे वावर बघा, धसकटं बघा, दगडं बघा! यचायला मानूस मिळत न्हाई मला. ही मजुरांची न्याहारी हाय. खायची तर खा आन् लागा कामाला. न्हाई तर उठा मह्या सावलीतून!"

सगुणाबाईनं तिच्याकडं पाहिलं, मग वावराकडं पाहिलं. आणि त्या सगळ्या माणसांत पहिल्यांदा ती हसली. "अशी बोल की बाई. ए, उठा रे! आधी काम, मंग न्याहारी."

"न्याहारी करून काम करा, माय. मह्या वावराची रीत हाय ती."

म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडला, उजेडाकडं धरला आणि म्हणाली, "बाई, ही भाकर हाय का पिंपळाचं पान? पल्याडची चिंच दिसून राह्यली मला." मागोमाग आलेला रखमाजी इतका हसला, की त्याला ठसका लागला.

तेव्हापासून गोजरबाईच्या भाकरी जाड झाल्या.

म्हणजे चाचांना सांगितलेलं खोटं होतं आणि नव्हतंही. चिंचेखाली रोज नवी माणसं येत. काही एक मुक्काम करून पुढं लोणारच्या बाजूला जात, काही थकलेली राहत. जो येई त्याला सगुणाबाई आधी वावराचा एक तुकडा दाखवी. ज्यांच्या घरी गडी राबत होते असे शेतकरी वाकून धसकटं वेचत. त्यांच्या बायका दगड वेचून बांध रचत. पोरं हराळी खणत. त्या वावरात चार दिवसांनी दगड शोधावा लागला. सगळं वेचून झालं, तेव्हा एका म्हाताऱ्यानं शेजारच्याच्या वावरातले दगड आणून गोजरबाईच्या बांधाला लावले. हातात दगड असल्याशिवाय त्याला भाकरी गोड लागेना.

एका दुपारी दाऊदचाचा स्वतःच ओढा ओलांडून आले. चाचांनी कपाळावर हात धरून सगळीकडं पाहिलं. वाकलेल्या पाठी पाहिल्या, रचलेले बांध पाहिले.

"बराबर है," ते म्हणाले. "सब मजूरच हैं." जाताना खिशातून विड्याच्या पानांची पुडी काढून त्यांनी सगुणाबाईजवळ ठेवली. "मुकादम के वास्ते."

सगुणाबाईनं ती कपाळाला लावली. आणि गोजरबाईनं दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या रतिबाच्या दुधात पाणी घालायचं सोडलं.

रोजच्या खाण्याच्या कणगीतली जवारी मात्र किती पुरणार? गुढीपाडवा झाला आणि कणगीचा तळ लागला. त्या सकाळी गोजरबाई अंगणात पेवाच्या फरशीवर बसून राहिली. रखमाजीनं म्हशी सोडल्या, परत आला, तरी ती तिथंच.

"अवो," ती म्हणाली, "एकच टोपलं काढलं तर?"

"पेव म्हंजे काय मडकं हाय? झाकण उघडलं आन् झाकलं?"

"मंग नंदीच्या लग्नाचं कसं?"

दारात नंदा हाताचं पीठ झटकत उभी होती. ती म्हणाली, "आये, तू तिथं बसून राह्यलीस तर उद्या सगुणाआजी पुन्हा पाला शिजवंल."

"तुह्या लग्नाची जवारी हाय ती, अवदसे! तुझे सासरे पाटावरून पोरगं उठवतील."

"उठवू दे. जे पोरगं भाकरीसाठी उठंल, ते बसलं काय आन् उठलं काय."

गोजरबाईनं तिच्याकडं रागानं बघितलं. मग फरशीवरून उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "पहार आना."

फरशी हलली. पेवाचा तो कोंदट, आंबूस वास गल्लीभर पसरला. रखमाजीनं आत कंदील सोडून पाहिला, विझला. आत कोंडलेला वारा निघून जाईपर्यंत थांबून पुन्हा सोडला, जळत राहिला, तेव्हा तो उतरला. वासानंच सगळ्या गावाला कळलं की गोजरबाईनं पेव फोडलं. आणि पेव फोडलं म्हणजे ते संपवलं पाहिजे. एवढं दळायचं कुणी? थापायचं कुणी?

तासभर ती आपल्या दारात उभी राहिली. मग पदर खोचून द्वारकाबाईच्या दारात गेली. दोन वर्षांनी.

"द्वारका," ती म्हणाली, "मही गोवरी ऱ्हाऊ दे तुह्याकडं."

द्वारकाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मला वाटलं, मागायला आली."

"मागायलाच आले. तुझं जातं मोकळं हाय का?"

त्या दिवशी गल्लीत सगळी जाती एकदम घरघरायला लागली. तव्यांची रांग लागली. कुणाची भाकरी जाड, कुणाची कडेला करपलेली, कुणाला बोटांचे ठसे. ओढ्यातून बायांची रांग डोक्यावर दुरड्या घेऊन चालली, की चाचा बांबू वर धरून उभे राहत आणि म्हणत, "जल्दी जल्दी, मजूर भुके हैं."

बातमी धर्मराज पाटलांपर्यंत गेली नाही तर नवल. वैशाख लागला आणि ते आले. पांढराशुभ्र रुमाल, कानात भिकबाळी, मागं मच्छिंद्र मान खाली घालून. ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही.

"ऐकलं ते खरं का, रखमाजी? लग्नाचं पेव उपसून राह्यलात?"

"खरं हाय."

"मंग आमची दोन गावं काय खातील? आमची थट्टा हाय का ही?"

उंबऱ्याआड नंदा उभी होती. गोजरबाई दुरडी भरत होती. ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "पाव्हनं, भूक लागल्याली असंल. चला, आज वावरात जेवू."

"मी जेवायला न्हाई आलो."

"नका जेवू. बघायला तर चला."

धर्मराज फणफणत निघाले. चाचांनी त्यांना बघून बांबू जरा जास्तच वर धरला. चिंचेखाली पानं मांडून झाली होती. सगुणाबाई कमरेला पदर खोचून पळीनं आमटी वाढत होती. पाव्हणे आले म्हटल्यावर तिनं विचारलं, "हे कोन?"

"हे आमच्या नंदीचे सासरे. लग्न मोडायला आलेत."

पंगतीत हशा उठला. दुसरी एक म्हातारी म्हणाली, "मोडू द्या, पन आधी पानावर बसवा त्यांला. रिकाम्या पोटानं मोडलेलं लग्न पुन्हा जुळतं म्हनं!" तिसरी म्हणाली, "रुमाल काढा म्हनावं व्याह्यांनी, आमटी गळंल त्याच्यावर." व्याह्याची थट्टा करायचा बायकांना मान असतो. इतके दिवस कुणाच्या लग्नाला न गेलेल्या त्या बायकांना आयता व्याही सापडला होता. धर्मराज लाल झाले, पण तिथं रागावता येत नाही, ही रीत त्यांनाही ठाऊक होती.

गोजरबाईनं दुरडी खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "पाटील, तुम्ही काय म्हनला होतात? दोन गावं जेवली पाह्यजेत."

"म्हनलो होतो."

"मंग मोजा. ए, कोन कुठलं ते सांगा रे यांना!"

पंगतीच्या टोकापासून एकेक आवाज आला. "कुंभार पिंपळगाव!" "आम्ही मंठ्याचे!" पुढं घनसावंगीकडची दोन खेडी, परतूरकडची तीन. सात गावांची नावं झाली. रोज इथं सात गावांची पंगत बसते हे गोजरबाईलाही तोवर उमगलं नव्हतं.

"तुम्ही दोन सांगितली, मी सात बसवली," ती म्हणाली. "हात आखडला असंल तर सांगा. आन् ही पंगत पुरत नसंल, तर मोठी पंगत मला जन्मात घालता यायची न्हाई. तुमचं पोरगं घेऊन जा."

सगुणाबाई पळी हातात धरून उभी होती. धर्मराजांनी पंगतीवरून नजर फिरवली. मग डोक्यावरचा रुमाल काढला, घडी केली, मांडीवर ठेवली आणि रिकाम्या पानासमोर बसले.

"मच्छिंद्र," ते म्हणाले, "बस. आन् बघून घे, तुझी सासू लई खर्चिक हाय."

रखमाजी म्हणायचा, गोजरबाईला हसता-हसता रडताना त्यानं तेव्हा एकदाच पाहिलं.

लग्न त्याच वावरात लागलं. दगड नसलेली तेवढी मोठी जागा सगळ्या शिवारात दुसरी नव्हती. लग्नाच्या दिवशी नवरी ओढ्यावर आली तेव्हा चाचांनी बांबू आडवा धरला. अंगावर इस्त्रीचा कोट, कानात अत्तराचा फाया.

"क्या ले जा रहे?"

"नवरी," रखमाजी म्हणाला.

"नवरी पर करोडगिरी नहीं लगती," चाचा म्हणाले आणि बांबू पार उपटूनच बाजूला ठेवला.

पोळी नव्हती, भात नव्हता. भाकरी, आमटी आणि वर गुळाचा खडा. पंगतीत कोण कुणाशेजारी बसलंय हे पाहायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती. मंगलाष्टका म्हणायला भटजी एक होता, पण सूर सात गावांचे होते, आणि एकाचाही दुसऱ्याशी मेळ नव्हता. आहेर म्हणून सगुणाबाईनं आमटी वाढून झाल्यावर पळी धुतली, पदरानं पुसली आणि नंदाच्या ओटीत घातली. "मह्याकडं द्यायला एवढंच आलंय, लेकी." त्या संध्याकाळी रखमाजी पेवात उतरला आणि केरसुणीनं तळ झाडून वर आला. कीड लागायला एक दाणा उरला नव्हता.

पुढं पावसाळ्यात लोणारला छावणी उघडली, तिथं धान्य मिळू लागलं, आणि चिंचेखालची माणसं तिकडं गेली. भाद्रपदात निजामाचं राज्य संपलं. माणसं आपापल्या गावी परतली. सगुणाबाईच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, चारातला एक बैल सापडला. ती पुढं पुष्कळ वर्षं जगली आणि दर वैशाखात नंदाकडं येऊन पळी घासलेली आहे का ते बघून जायची.

राज्य गेलं तसा नाकाही गेला. दिवस उलटे फिरले होते, रझाकारांवरचा राग साध्या मुसलमानांवर निघत होता, आणि लाल दाढीच्या एकट्या म्हाताऱ्याला खोपटाबाहेर पडायची भीती वाटावी असे ते दिवस होते. गोजरबाई भर दुपारी, सगळ्या गावाच्या देखत, दुरडी घेऊन त्या खोपटापर्यंत जायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मह्या मुकादमाचा पाव्हना हाय." तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. निवळल्यावर रखमाजीनं चाचांना गाडीतून परभणीला त्यांच्या लेकीकडं पोचवलं. तिथं ते अत्तर विकायचे.

धर्मराज पाटील थोरल्या नातवाचं बारसं करून गेले. द्वारकाबाईनं ती गोवरी शेवटपर्यंत परत केली नाही. रखमाजी चिंचेखालीच गेला, दुपारचा डोळा लागलेला असताना. पेव पुन्हा एकदाच भरलं. नंतर पोती आली, गोदामं आली, आणि ते बुजवून तिथं न्हाणीघर झालं.

गोजरबाई खूप म्हातारी होऊन तोवर जालन्यात स्थिरावलेल्या लेकीकडं राहायला आली. शेवटपर्यंत काडी चिरून दोन करायची. रविवारी नंदा तिला उन्हात बसवून डोक्याला तेल लावायची. केस पांढरे, पण दाट होते. फक्त माथ्यावर, जिथं चुंबळ टेकते तिथं, एक गोल जागा होती. त्या उन्हाळ्यात तिथले केस गेले ते परत उगवलेच नाहीत. नंदाचं बोट तिथं लागलं, की म्हातारी डोळे मिटूनच म्हणायची, "तिथं हळू गं. सात गावं बसल्यात तिथं."